‘पहिली आवृत्ती’ नेमकी कोणती? नागपुरातल्या एका रहस्यकथा-संग्रहाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरच्या एका जुन्या वस्तीतल्या घराचं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून नात्यागोत्याचे आणि पत्त्याचे काही तपशील बदलले आहेत. पुस्तकांबद्दलचे तपशील तसेच ठेवलेत, कारण सगळा पेच त्यांच्यातच होता.

घरातले नाना रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. पगार बेताचा आणि वाचनाचं वेड जबर. मराठी रहस्यकथा ते शाळेत असल्यापासून वाचायचे आणि नोकरी लागल्यावर विकत घ्यायला लागले. बाबूराव अर्नाळकर त्यांचे सर्वांत लाडके. अर्नाळकरांच्या (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावं त्या पिढीला घरच्या माणसांइतकी ओळखीची होती. पुढे गुरुनाथ नाईक आले, मग सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले. नानांनी कोणालाच वगळलं नाही.

त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग मात्र दुकानातून आलेला नव्हता. नागपुरात गल्लोगल्ली रोजच्या भाड्याने पुस्तकं देणारी छोटी वाचनालयं होती. घरोघरी टीव्ही आल्यावर ती एकेक करून बंद पडली, तेव्हा नाना तिथला माल पोत्यांनी उचलायचे. त्यामुळे त्यांच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती होत्या. एक स्वतः घेतलेली, बाकीच्या वाचनालयांच्या शिक्क्यांच्या, पुठ्ठा बांधलेल्या, मुखपृष्ठ गेलेल्या.

याशिवाय इंग्रजी पुस्तकांचा एक कप्पा होता. सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरचं सामान विकलं गेलं, तेव्हा नानांनी हा गठ्ठा घेतला होता. त्यात कॉलिन्स क्राइम क्लब या ब्रिटिश रहस्यमालेची नारिंगी कापडी बांधणीची काही पुस्तकं, पेंग्विनच्या हिरव्या मुखपृष्ठांच्या रहस्यकथा आणि इतर किरकोळ माल होता. सगळी मिळून मराठी अकराशेच्या आसपास, इंग्रजी साठेक.

नाना गेल्यावर घर बिल्डरला द्यायचं ठरलं. पावसाळ्याच्या आत जागा रिकामी करायची होती. निर्णय घेणारी माणसं तीन: काकू, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि नागपुरातच राहणारी मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात. ताईंनी मला बोलावलं, कारण या विषयात हात घालणारी माणसं आमच्या शहरात फारशी नाहीत आणि मी त्यांतला एक.

अडचण

मुलाने इंटरनेटवर वाचलं होतं की जुन्या इंग्रजी रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या लाखांत जातात. ते खरंही आहे. त्यामुळे त्याच्या मनात हिशेब पक्का होता: इंग्रजी कप्पा म्हणजे ठेवा आणि मराठी पुस्तकं म्हणजे रद्दी. मी पोहोचण्याआधीच माळ्यावरची दोन पोती रद्दीवाल्याकडे गेली होती. त्यांत काय होतं ते आता कळायला मार्ग नाही.

मला पहिल्याच दिवशी जाणवलं की हिशेब उलटा निघण्याची दाट शक्यता आहे. ते पटवून द्यायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा काढायला लागणारा वेळ घर रिकामं करण्याच्या तारखेशी भिडत होता. त्यात पुस्तकांची अवस्था. बैठकीतल्या कपाटाला लागूनच खिडकीचा कूलर होता. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, कूलरशिवाय इलाज नाही. पण त्याचा ओला वारा मार्च ते जून थेट कपाटावर येत राहिला. खालच्या दोन कप्प्यांतल्या पुस्तकांवर बुरशीच्या तपकिरी टिकल्या उमटल्या होत्या. माळ्यावरच्या पुस्तकांना पत्र्याखालच्या कोरड्या उष्णतेने उलटा त्रास झाला होता. तिथली पानं इतकी ठिसूळ झाली होती की पान उलटताना कोपरा हातात येत होता. रहस्यकथांचा कागद मुळात वर्तमानपत्री जातीचा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य त्यात तसंच राहतं, कागद आतूनच आम्लधर्मी होत जातो आणि उष्णतेने ती क्रिया वेगाने होते. एकाच घरात दोन कप्प्यांचे दोन वेगळे आजार होते.

इंग्रजी कप्प्याची तपासणी

मुलाच्या समाधानासाठी सुरुवात इथून केली. इंग्लंडमध्ये कॉलिन्सने क्राइम क्लब ही मालिका १९३० साली सुरू केली. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची पहिली कादंबरी त्याच वर्षी या मालिकेत आली. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिकडे नव्या कादंबरीची रूढ किंमत साडेसात शिलिंग होती, आणि ती डस्ट जॅकेटच्या (पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या) आतल्या घडीवर छापलेली असायची. वर्ष-दोन वर्षांनी तीच कादंबरी कमी किमतीच्या स्वस्त आवृत्तीत निघायची. वरवर पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पाहायचं ते शीर्षकपानाच्या मागे: पुनर्मुद्रणाची नोंद आहे का, स्वस्त आवृत्तीचा उल्लेख आहे का. युद्धकाळातल्या पुस्तकांवर कागदाची काटकसर दाखवणारी सिंहाची छोटी मुद्रा असते. ती दिसली की काळ ठरवायला मदत होते.

नानांच्या कप्प्यातली बहुतेक पुस्तकं अशी स्वस्त पुनर्मुद्रणं निघाली. पेंग्विनची पुस्तकं तर मुळातच पुनर्मुद्रणं. १९३५ च्या जुलैत पेंग्विनने पहिली दहा पुस्तकं काढली, त्यांतल्या रहस्यकथाही आधी दुसरीकडे कापडी बांधणीत येऊन गेलेल्या होत्या. शेवटी खरी पहिली छपाई म्हणता येईल असं एकच पुस्तक उरलं, आणि त्याला जॅकेट नव्हतं. या क्षेत्रात जॅकेट गेलं की किमतीचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. त्या काळी लोक जॅकेट फेकूनच द्यायचे, म्हणून आज जॅकेटसकट प्रत दुर्मिळ आणि महाग.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. एका विक्रेत्याने सुचवलं की मूळ जॅकेटची हुबेहूब नवी छापील प्रत मागवून चढवा, भाव वाढेल. मुलाला ते पटायला लागलं होतं. काकू तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, नानांनी जन्मभर रेल्वेचे हिशेब तपासले, आणि तू त्यांच्या पुस्तकाला खोटं पांघरूण घालून विकून राहिला का?’’ विषय तिथेच संपला. असं जॅकेट चढवणं बेकायदा नाही, पण ते नवं आहे हे ग्राहकाला लेखी सांगितलं नाही तर ती सरळ फसवणूक होते. आणि एकदा पुस्तक दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलं की ते सांगणारा कुणी उरत नाही.

मराठी पुस्तकाचं वय कसं काढलं

इंग्रजी पुस्तकांना मदतीला सूची आहेत, अभ्यासकांच्या पुस्तिका आहेत. मराठीत शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीचा मोठा आधार आहे, पण ती १९५० पर्यंतच येते. रहस्यकथांचा महापूर त्यानंतरचा. आणि या पुस्तकांवर जे छापलंय त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. काहींवर साल नाही. काहींवर ‘पहिली आवृत्ती’ असं आहे, पण तो मजकूर पुढच्या छपाईतही तसाच ठेवला गेलेला असू शकतो.

म्हणून पुस्तकाच्या अंगावरच्या खुणा वाचायच्या. आम्ही या खुणा वापरल्या, आणि कुणी घरचा जुना संग्रह तपासत असेल तर त्याला त्या उपयोगी पडतील म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्वांत भरवशाची खूण किंमत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधीची किंमत रुपये-आणे-पैशांत. त्यानंतर १९६४ पर्यंत ‘नये पैसे’, आणि पुढे नुसते ‘पैसे’. म्हणजे ‘७५ नये पैसे’ छापलेलं पुस्तक सात वर्षांच्या चौकटीत अडकतं. इथे एक सापळा आहे. बारा आणे म्हणजे बरोबर पंच्याहत्तर नये पैसे. जुना माल शिल्लक असलेल्या विक्रेत्यांनी छापील आण्यांवर रबरी शिक्क्याने नवी किंमत मारलेली असते. शिक्का दिसला म्हणून पुनर्मुद्रण ठरवू नये. शिक्क्याखाली काय छापलंय ते तिरक्या उजेडात पाहावं.

दुसरी खूण पत्ता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. गिरगावचा पत्ता त्याआधी ‘मुंबई ४’ असा असे, नंतर ‘मुंबई ४०० ००४’. प्रकाशकाच्या किंवा छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडे आले की पुस्तक १९७२ च्या आधीचं नाही, मग आत कुठलंही साल असो.

तिसरी खूण आपल्या नागपूरची, आणि मला ती फार प्रिय आहे. १९५० पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं. त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाड. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाचनालयाच्या शिक्क्यात ‘नागपूर (म. प्र.)’ असेल, तर ती प्रत १९५६ च्या अखेरीपर्यंत किंवा फार तर थोडी नंतर वाचनालयात पोहोचलेली होती, कारण जुना रबरी शिक्का काही महिने चालवला गेला असेल एवढीच सवलत द्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाच्या हाती ही खूण नसते. इथल्या शिक्क्यांना दर काही वर्षांनी राज्य बदलावं लागलं, आणि त्याचा फायदा आज असा होतो.

शुद्धलेखन हीसुद्धा खूण आहे. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार असतील तर जुळणी, म्हणजे छपाईसाठी लावलेली अक्षरं, बहुधा जुनी. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि ते अनुस्वार गेले. पण छापखाने आणि जुळारी एका रात्रीत बदलत नाहीत, म्हणून ही खूण एकटी कधीच पुरेशी नाही. दुसऱ्या खुणेला दुजोरा द्यायला चांगली.

आणि शेवटची, शेवटच्या पानावरची जाहिरात. तिथे त्याच मालिकेतल्या पुस्तकांची यादी असते, काहींपुढे ‘छापत आहे’ किंवा ‘लवकरच’. एका छपाईत जे पुस्तक ‘छापत आहे’, ते दुसऱ्या छपाईच्या यादीत किमतीसकट आलेलं असेल, तर दुसरी छपाई नंतरची. साल नसलेली पुस्तकंसुद्धा या याद्यांनी एकमेकांच्या मागे-पुढे रांगेत लागतात.

दोन प्रतींचा पेच

प्रकरणाचा गाभा इथे आहे. एका रहस्यकथेच्या नानांकडे दोन प्रती होत्या. एकीचं मुखपृष्ठ झळझळीत, रंग शाबूत, आतला कागद बऱ्यापैकी. दुसरी वाचनालयाची: पुठ्ठ्यावर निळं कापड चढवून शिवलेली, मुखपृष्ठ नाही, शीर्षकपानावर आणि सतराव्या पानावर सीताबर्डीच्या एका वाचनालयाचा गोल शिक्का. (पुस्तक चोरीला गेलं तर ओळखता यावं म्हणून वाचनालयं आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात.) दोन्ही प्रतींवर ‘पहिली आवृत्ती’, महिना आणि साल अगदी तेच.

मुंबईहून एक विक्रेता आला. त्याने चांगल्या मुखपृष्ठांची तीसेक पुस्तकं बाजूला काढली, त्यांत ही पहिली प्रत होती. निळ्या कापडाची प्रत त्याने हातातही घेतली नाही. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो चुकला असं मी म्हणणार नाही. रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांच्या हातची मुखपृष्ठं आज स्वतंत्रपणे जमवली जातात, आणि मुखपृष्ठ नसलेल्या रहस्यकथेला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. घरात स्थलांतराचा खर्च उभा होता. ताईंनी ती तीसेक पुस्तकं दिली. द्यायच्या आधी प्रत्येकाच्या मुखपृष्ठाचा, शीर्षकपानाच्या दोन्ही बाजूंचा आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून घेतला होता.

खरा उलगडा नंतर त्या फोटोंवरून झाला. विकलेल्या प्रतीत किंमत छापील ‘७५ नये पैसे’. निळ्या कापडाच्या प्रतीत ‘१२ आणे’, आणि शिक्क्यात ‘म. प्र.’. विकलेल्या प्रतीच्या शेवटच्या यादीत जी तीन पुस्तकं किमतीसह होती, तीच निळ्या प्रतीच्या यादीत ‘छापत आहे’ म्हणून. विकलेल्या प्रतीत पानंही कमी, म्हणजे मजकूर लहान टाइपात पुन्हा जुळवलेला. ‘पहिली आवृत्ती’ ही ओळ फक्त तशीच उचलून ठेवली होती. अर्थ सरळ आहे: जी सुंदर दिसत होती ते पुनर्मुद्रण, आणि जिला कुणी हात लावला नाही ती पहिली छपाई.

हे एकदा कळल्यावर सगळ्या संग्रहाकडे पाहायची रीत बदलली. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारातून आलेली सवय सांगते की मूळ बांधणी हवी, जॅकेट हवं, शिक्का नको, कुणाची अक्षरं नकोत. मराठी रहस्यकथेच्या बाबतीत ती सवय लावली तर पहिल्या छपाया आपण स्वतःच्या हाताने फेकून देऊ. त्या वाचनालयांतूनच फिरल्या, तिथेच त्यांची मुखपृष्ठं झिजून गेली, आणि वाचनालयाने पुठ्ठा बांधला म्हणूनच त्या टिकल्या. ज्या प्रती बांधल्या गेल्या नाहीत त्यांच्या टाचण्या गंजल्या, पानं सुटली आणि त्या रद्दीत गेल्या.

समोर असलेले पर्याय

या टप्प्याला घरात पुन्हा बसणं झालं. मुलगाही पुण्याहून आला होता. सगळं एका विक्रेत्याला एकगठ्ठा देणं सगळ्यांत सोपं होतं; रक्कम लगेच मिळाली असती आणि जागा रिकामी झाली असती. पण तो मुखपृष्ठवाली ठेवणार आणि बाकी किलोवर देणार, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पर्याय मात्र बाद झाला.

एकेक पुस्तक ऑनलाइन विकणं हा मुलाचा आग्रह. त्यात पैसे सर्वांत जास्त आले असते, पण ते काम वर्षभराचं आणि करणार कोण, हा प्रश्न होता.

संस्थेला देणगी ही काकूंची इच्छा. शहरातल्या एका संस्थेशी बोलणं झालं. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण दोन गोष्टी स्पष्ट केल्या: दुबार प्रती ठेवणार नाहीत, आणि फाटकी पुस्तकं नव्याने बांधून घेतली जातील. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं, वाचनालय वाचकांसाठी असतं. पण आमच्या दृष्टीने दुबार प्रती हाच पुरावा होता, आणि नव्या बांधणीत कडा कापल्या जातात, शिक्के आणि शेवटची पानं जातात. देणगी म्हणजे आपोआप जतन, हा समज मी बऱ्याच घरांत पाहतो. काय ठेवणार आणि कसं ठेवणार हे आधी विचारावं, लाजू नये.

चौथा पर्याय ताईंनी मांडला: संग्रहाचे दोन भाग करायचे. पुराव्याने जुन्या ठरलेल्या प्रती त्यांच्या जोड्यांसकट एकत्र ठेवायच्या आणि बाकीच्या वाचणाऱ्यांच्या हाती जाऊ द्यायच्या. यात मेहनत सर्वांत जास्त होती, पण तिघांनाही पटला तो हाच.

प्रत्यक्षात काय केलं

पहिलं काम कपाट न हलवता प्रत्येक कप्प्याचा फोटो. नानांनी पुस्तकं लेखकवार लावली नव्हती. ज्या वाचनालयाचा माल, त्याचा कप्पा, अशी त्यांची रीत होती. ती रचना मोडली की कुठलं पुस्तक कुठून आलं हे कायमचं गेलं असतं. मग यादी. प्रत्येक प्रतीला एक क्रमांक, तो पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्याच्या आत. नाव, लेखक, छापील साल, छापील किंमत, शिक्का, प्रकाशकाचा पत्ता, शेवटच्या यादीत काय आहे, आणि अवस्था. ताईंच्या मुलीने हे सगळं एक्सेलमध्ये चढवलं. किंमत आणि शिक्का यांचे रकाने वेगळे ठेवल्यामुळे पुढे जोड्या लावणं सोपं गेलं.

वाळवी नव्हती, पण कसर (कागद खाणारे बारीक किडे) होती. काकूंचं म्हणणं होतं की पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकू. उन्हाने शाई आणि मुखपृष्ठं उडतात आणि असा कागद आणखी पिवळा पडतो, म्हणून ते टाळलं. बुरशीची पुस्तकं आधी सावलीत, पंख्याखाली उभी ठेवून कोरडी केली आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटकली, तोंडाला मास्क लावून. किड्यांसाठी गोठवण्याचा उपाय केला. ताईंच्या दिरांचं किराणा दुकान आहे, तिथला आइस्क्रीमचा डीप फ्रीझर हिवाळ्यात अर्धा रिकामा असतो. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद केली आणि उणे अठरा अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस खोलीत तशीच ठेवायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं. पत्र्याखालची ठिसूळ पुस्तकं मात्र या फेऱ्यात घातली नाहीत. ती कागदात गुंडाळून आडवी ठेवली. नानांनी लावलेल्या सेलोटेपच्या पट्ट्या काढायचा मोह सगळ्यांना झाला. आम्ही त्यांना हात लावला नाही, कारण पट्टी निघताना अक्षरं घेऊन निघते.

यादी करताना एक गोष्ट वारंवार दिसायला लागली. बऱ्याच पुस्तकांत मध्याच्या आसपास समासात पेन्सिलीने एखादं नाव लिहिलेलं. एका पुस्तकात ‘डॉक्टर’, दुसऱ्यात ‘पुतण्या’, आणखी एकात ‘मुनीम?’ असं प्रश्नचिन्हासकट. विचारल्यावर काकू हसल्या. नाना आधी वाचायचे, मग त्या. अर्ध्यावर आल्या की खुनी कोण ते लिहून ठेवायच्या, आणि नाना शेवटी पाहून बरोबर की चूक ते सांगायचे. बरोबर आलं असेल तिथे शेवटच्या पानावर नानांच्या हातची बारीक टिकली आहे, हिशेबनिसाने नोंद तपासल्यासारखी. बाजाराच्या भाषेत हा ‘दोष’ आहे. यादीत आम्ही त्याला स्वतंत्र रकाना दिला. एका मराठी घरात रहस्यकथा कशी वाचली जायची याचा इतका प्रत्यक्ष पुरावा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

निष्पत्ती

जॅकेट नसलेलं इंग्रजी पुस्तक ‘पहिली छपाई, जॅकेट नाही’ असं लेखी सांगून एका संग्राहकाला दिलं. रक्कम कुटुंबाच्या इच्छेमुळे इथे देत नाही. मुलाच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी होती, पण पुस्तकांसाठी आम्लरहित कागदाचे डबे घ्यायला पुरली. उरलेली इंग्रजी पुस्तकं सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे गेली.

मराठीतल्या तीनशेच्या आसपास प्रती, म्हणजे नये पैशांच्या काळापर्यंतच्या आणि त्यांच्या नंतरच्या जोडप्रती, एकत्र राहिल्या. त्या शहरातल्या एका मराठीच्या प्राध्यापिकेने घेतल्या. त्यांना लोकप्रिय वाङ्मयावर काम करायचं आहे. व्यवहार लेखी झाला: संग्रह फोडायचा नाही, नवी बांधणी करायची नाही, आणि पुढे कधी द्यायचा झालाच तर आधी कुटुंबाला विचारायचं. बाकीच्या पुस्तकांचा घरासमोरच्या अंगणात दोन रविवार खुला बाजार मांडला. मला वाटलं होतं चार म्हातारी माणसं येतील. आली ती सगळ्या वयाची, आणि गुरुनाथ नाईकांची पुस्तकं पहिल्या सकाळीच संपली.

काकूंनी आपल्या पेन्सिलीची पुस्तकं मात्र कुणालाच दिली नाहीत. ती ताईंकडे आहेत. त्यांच्या पानांचे फोटो प्राध्यापिकेला दिले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात इंग्रजी कप्प्यापासून झाली, कारण पैशाची आशा तिथे होती. तो वेळ मराठी संग्रहाला मिळाला असता, तर विक्रेता यायच्या आधी जोड्या लागल्या असत्या. नुसता शिक्के आणि किमती यांचा रकाना भरायलाही तेवढा वेळ पुरला असता. जिथे सूची नाही, तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं.

माळ्यावरची दोन पोती गेली ती कुणाच्या दुष्टपणाने नाही. घर आवरताना माळा आधी रिकामा होतो. पण माळ्यावर जातं ते घरातलं सर्वांत जुनं, आणि नानांनीही बंद पडलेल्या पहिल्या वाचनालयाचा माल तिथेच ठेवला होता, असं काकूंच्या बोलण्यातून पुढे कळलं. हे त्यांना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. संग्रह कुणाचा, असं विचारलं की सगळे नानांचं नाव घेत होते, त्यामुळे त्याच घरातल्या दुसऱ्या वाचकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कुठलं वाचनालय कोणत्या चौकात होतं, कधी बंद झालं, कोणता मालक उधारीवर पुस्तक द्यायचा, हे काकूंना तोंडपाठ आहे. आता प्राध्यापिका त्यांच्याकडून ते ध्वनिमुद्रित करून घेत आहेत.

विकलेल्या प्रतीबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. मुलगा म्हणतो, पुनर्मुद्रण चांगल्या भावात गेलं आणि पहिली छपाई संग्रहातच राहिली, तक्रार कशाची? ताईंचं म्हणणं वेगळं, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. दोन प्रती शेजारी ठेवल्या तरच पुनर्जुळणी दिसते. ओळ न् ओळ ताडून मजकुरात काय वगळलं, काय बदललं ते सांगता येतं. आमच्याकडे फोटो आहेत ते मोजक्या पानांचे. पानं कमी झाली ती फक्त टाइप लहान केल्यामुळे की एखादं प्रकरणही गाळलं गेलं, हे आता त्या विक्रेत्याकडून प्रत परत मिळाली तरच कळेल. ताईंनी त्याला तसा निरोप दिला आहे. बाकीच्या सगळ्या जोड्या मात्र एकत्र आहेत, आणि करारासोबत त्यांची वेगळी यादी जोडली आहे.